दौलतरावांचा डेंगळा

दौलतराव मोटे यांना आयुष्यात एकच बक्षीस मिळालं, आणि ते त्यांनी कपाटात रेशन कार्डाच्या फायलीखाली पालथं घालून ठेवलं. प्रमाणपत्र जाड कागदाचं, कडेनं सोनेरी वेलबुट्टी. मधे लिहिलेलं : 'भाजीपाला विभाग. कांदापात. उत्तेजनार्थ.'

दौलतरावांनी प्रदर्शनात भाजी नेलीच नव्हती. फुलाची कुंडी नेली होती. फक्त तिला फूल आलेलं नव्हतं.

या फुलाची ओढ जुनी होती. दौलतराव मूळचे भूम तालुक्यातले. घरची थोडी जमीन, त्यात वडील कांदा करायचे. बाविसाव्या वर्षी ते चुलत्याच्या ओळखीनं पिंपरीत आले आणि गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत भट्टीवर लागले. पुढे कंपनी भोसरीतून चाकणला गेली, तसे तेही पहाटेच्या बसनं चाकणला जाऊ लागले. चौतीस वर्षं त्यांनी भट्टीपुढे काढली. काम सांगायला सोपं होतं. गिअर नऊशे वीस अंशांवर ठरलेले तास तापवायचा, आणि दार उघडलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत तेलाच्या टाकीत बुडवायचा. मधे हवेत वेळ गेला की जॉब, म्हणजे हातातला गिअर, मऊ राहिला आणि भंगारात गेला. "दार उघडलं की जांभईसुद्धा द्यायची नाही," असं ते नव्या मुलांना सांगत. त्यांच्या पाळीत जॉब भंगारात जात नसे, एवढी त्यांची ख्याती होती. तीही भट्टीच्या शेडमधेच.

त्या शेडच्या खांबाला भट्टी बनवणाऱ्या परदेशी कंपनीचं एक कॅलेंडर होतं. वर्ष संपलं तरी ते कुणी काढलं नाही, आणि फेब्रुवारीचं पान कुणी उलटलं नाही. त्यावर एका बागेचं चित्र होतं. काठीसारखे सरळ दांडे, आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला जांभळा गोल गोळा, मुलाच्या डोक्याएवढा. पान नाही, फांदी नाही, नुसता गोळा. शेजारच्या भट्टीवरचे मालोजी सावंत म्हणायचे, "प्लास्टिकचे असणार राव. असं फूल कुठं असतंय का?"

एकदा भट्टीच्या दुरुस्तीला आलेल्या इंजिनिअरनं चित्राखालची बारीक अक्षरं वाचली. म्हणाला, "कांदा आहे हा. फुलासाठी लावतात. खायचा नाही, बघायचा."

मालोजी हसून हसून खाली बसले. "दौलतराव, तुमच्या वडलांनी जन्मभर कांदा खायला पिकवला, आणि हे लोक बघायला लावत्यात!"

बाकीचेही हसले. दौलतराव हसले नाहीत. गावी कांद्याच्या वाफ्यात एखाद्या कांद्याला मधूनच जाड पोकळ दांडा फुटायचा आणि टोकाला पांढुरकं बोंड यायचं. त्याला डेंगळा म्हणतात. डेंगळा आला की तो कांदा वाया गेला; पोसत नाही, टिकत नाही, बाजारात कुणी घेत नाही. वडील दिसेल तो डेंगळा उपटून बांधावर टाकायचे. लहानपणी ते काम दौलतरावांकडे असायचं. बांधावर पडलेल्या बोंडांतली काही दोन दिवसांनी उमलायची, बारीक पांढऱ्या चांदण्यांसारखी. ती आपल्याला आवडतात हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. शेतकऱ्याच्या मुलानं डेंगळ्याकडे बघत बसावं, ही सांगायची गोष्ट नव्हती.

निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे वेळ आला आणि घरापुढची चार हातांची जागा आली. संत तुकाराम नगरातलं त्यांचं घर तळमजल्याचं. घरात चार माणसं : ते, सावित्रीबाई, मुलगा सिद्धेश आणि सून रुपाली. मुलगा आणि सून दोघंही चाकणला कामाला, वेगवेगळ्या कंपन्यांत. रुपालीनंच फोनवर शोधून हिमाचलातल्या एका रोपवाटिकेतून त्या कांद्याचे गड्डे मागवून दिले.

पहिल्या वर्षी दौलतरावांनी ते पावसाळ्यात लावले. गावी खरिपाचा कांदा पावसाळ्यातच लावतात, त्यांना दुसरं काही सुचलं नाही. महिन्याभरात सगळे गड्डे कुजले. कुंडी उकरली तेव्हा शेजारच्या घरापर्यंत वास गेला.

मग रुपालीनं वाचून सांगितलं, "बाबा, हे बर्फाच्या मुलखातलं झाड आहे. थंडी लागल्याशिवाय त्याला फुलायचं कळतच नाही. बारा-तेरा आठवडे पाच अंशांच्या आसपास ठेवायचं, मग लावायचं."

अंश आणि तास म्हटल्यावर दौलतरावांच्या अंगात वारं भरलं. हे तर त्यांचंच काम होतं, फक्त उलट्या दिशेनं.

पण एक अडचण होती. फुलं फेब्रुवारीत हवीत तर गड्डे सप्टेंबरात फ्रिजमधे जायला हवेत. म्हणजे ऐन चातुर्मासात. सावित्रीबाई माळकरी. माहेर देहूजवळचं, गळ्यात तुळशीची माळ. आषाढापासून कार्तिकापर्यंत त्यांच्या घरात कांदा-लसूण येत नसे. कांदेनवमीला भजी खाल्ली की टोपली धुऊन पालथी पडायची. दौलतरावांनी सरळ सांगायला हवं होतं. त्यांनी तसं केलं नाही. गड्डे कापडी पिशवीत बांधले, पिशवी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली आणि सांगितलं, "बियाणं आहे."

"कशाचं?"

"फुलाचं."

तेरा आठवड्यांनी त्यांनी पिशवी काढली, आधीच भरून ठेवलेल्या कुंडीत गड्डे लावले आणि कुंडी भर उन्हात ठेवली. सगळं पंचवीस मिनिटांत. घाम पुसत त्यांनी वहीत वेळ लिहिली. त्या वेगाचा त्यांना अभिमान वाटला होता.

पानं जोमानं आली. हिरवी, रुंद, लांब. दांडा काही येईना. फेब्रुवारीत शहरातल्या एका बागप्रेमी मंडळाचं प्रदर्शन होतं, त्यासाठी त्यांनी महिनाभर आधी नाव दिलेलं होतं. प्रदर्शनापर्यंत येईल, तिथं तरी येईल, असं म्हणत ते कुंडी रिक्षात घालून घेऊन गेले. नोंदणीच्या टेबलावर विक्की नावाचा तरुण कार्यकर्ता होता, चाकणकडच्या कांदा करणाऱ्या घरातला. त्यानं पान चुरगळून वास घेतला आणि आपुलकीनं म्हणाला, "काका, पात भाजीच्या टेबलावर. तिकडं, वांग्यांच्या शेजारी."

दौलतराव वांग्यांच्या टेबलाशी गेले. ते कुंडी ठेवून घरी आले. तिसऱ्या दिवशी मंडळाचा माणूस प्रमाणपत्र घरी देऊन गेला. दारात सावित्रीबाई होत्या. त्यांनी ते वाचलं.

"कांदापात?" त्या म्हणाल्या. "म्हंजी ती पिशवी... कांदं व्हतं त्यात?"

दौलतरावांनी प्रमाणपत्र त्यांच्या हातातून घेऊन पालथं केलं.

"सबंध चातुर्मास माझ्या दुधाखाली कांदं व्हतं. आन तुमी मला बियाणं सांगितलं."

"अगं, खायचा कांदा नाही तो..."

"मी काय इचारलं व्हतं तुमाला? कशाचं बियाणं, म्हणून इचारलं व्हतं."

त्या आठवडाभर बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, चहा ठेवायच्या, बोलायच्या मात्र रुपालीशी. "त्यांना सांग, आंघोळीचं पाणी काढलंय." दौलतराव समोरच बसलेले असायचे. आठव्या दिवशी त्या बोलल्या ते एवढंच, "पुढच्या साली माझ्या फ्रिजात न्हाई."

दौलतरावांना दोन गोष्टी मनाला लागल्या. बायकोशी खोटं बोललो ही एक. आणि सबंध शहरानं आपलं फूल वांग्यांच्या शेजारी बसवलं ही दुसरी. त्यांनी मनाशी धरलं, की एकदा, एकदा तरी ही कुंडी फुलांच्या टेबलावर ठेवायची. बक्षीस नको. जागा हवी.

पावसाळा आला. रुपालीनं पुन्हा सात गड्डे मागवून दिले. दौलतराव फ्रिज शोधत फिरले. डेअरीवाला म्हणाला, दुधाला कांद्याचा वास लागेल. मेडिकलवाल्यानं तर हातच जोडले. मालोजी म्हणाले, "आमच्या फ्रिजात ठेवा की! फक्त आमची नातवंडं दर पाच मिनिटाला दार उघडत्यात, आन दुपारी सूनबाई फ्रिज बंद करून जाती. चालंल का?" चालणार नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी ते ओट्यावर गड्डे पसरून बसले होते. सावित्रीबाई बाहेर आल्या, खाली बसल्या आणि एक गड्डा उचलून नाकाशी नेला.

"वास तर हाय."

"आहे."

"भाकरीसंगं खाता येतो?"

"नाही. हा खायचा नाही."

"कुणी खाल्ला तर?"

"पोट बिघडेल, बहुतेक."

सावित्रीबाईंनी गड्डा उलटसुलट करून पाहिला. "मग याला मी कशाला भिऊ? मी काय कांद्यावर रागावले व्हते व्हय?" त्या उठल्या, आत गेल्या, झाकणाचा स्टीलचा डबा आणि रुपालीचं जाड पेन घेऊन आल्या. "यात घाला. आन डब्यावर लिवा, कांदं. मोठ्या अक्षरात. घरात आलेल्यानं इचारलं तर मी सांगीन काय हाय ते."

दौलतरावांनी लिहिलं. अक्षर थोडं वाकडं आलं. मग त्यांनी त्याच डब्याच्या झाकणाला वारा लागावा म्हणून भोकं पाडली, आणि सावित्रीबाईंनी चांगल्या डब्याचं वाटोळं केलं म्हणून त्यांना सुनावलं. दोघांचं बोलणं पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं.

त्या संध्याकाळी दौलतराव गेल्या वर्षीची वही काढून बसले. कुठं चुकलं ते त्यांना सापडत नव्हतं. तापमान बरोबर होतं, आठवडे बरोबर होते. ते मोठ्यानं वाचत होते : "फ्रिजमधून काढले, अकरा दहा. कुंडीत लावून उन्हात, अकरा पस्तीस."

सावित्रीबाई वाती वळत होत्या. "तेरा आठवडं गारठ्यात ठिवलेला जीव, आन पंचवीस मिनटात उन्हात टाकला? बाळंतिणीला तरी असं कुणी न्हाऊ घालून लगेच वाऱ्यात बसवतं का?"

दौलतरावांनी वही मिटली. सावित्रीबाईंनी बोट ठेवलं होतं ते त्यांच्या चौतीस वर्षांच्या सवयीवर. दार उघडलं की पळायचं, हे त्यांच्या हाडीमासी मुरलं होतं. पण भट्टीवर दुसरंही एक काम असायचं. काही जॉब कडक नव्हे, मऊ करायचे असायचे. ते तापले की भट्टी बंद करायची आणि जॉब आतच सोडायचा, सावकाश निवू द्यायचा, दुसऱ्या दिवशी काढायचा. त्याला कुणी हात लावायचा नाही, घाई करायची नाही. दोन्ही कामं त्यांनीच केली होती. गड्ड्यांना त्यांनी नेमकी चुकीची पद्धत लावली होती.

"इतकी वर्षं भट्टीवर घालवली," ते म्हणाले, "आणि हे तू सांगायला लागलीस."

"मी भट्टीवर असते तर तुमाला हाताखाली घेतलं असतं," सावित्रीबाई म्हणाल्या.

त्या वर्षी फ्रिजमधे दोऱ्यानं थर्मामीटर लटकलं आणि फ्रिजच्या दारावर तक्ता लागला. सकाळी अंश लिहायचे ती पहिली पाळी, संध्याकाळची दुसरी; रात्रीची तिसरी पाळी वयामुळे माफ. दार किती वेळा उघडलं त्याच्या रेघा ओढायच्या. पिकलेल्या फळांच्या वाफेनं आतली कळी मरते असं रुपालीनं वाचून दाखवल्यावर फळांना फ्रिज बंद झाला. नवरात्रात उपासाची सफरचंदं आणि केळी टोपलीत, खिडकीत. गौरींच्या वेळी पाहुण्या आल्या, तेव्हा दौलतराव स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले.

"बाबा, दूध काढायचंय," रुपाली म्हणाली. "गेट पास कुणाकडून घेऊ?"

"काढ. पण एकदाच दार उघड, सगळं एकदम काढ."

"आमच्या कंपनीत ऑडिटला एवढे कडक नसतात."

"म्हणूनच तुमचा माल परत येतो," दौलतराव म्हणाले. सिद्धेश आतून मोठ्यानं हसला. त्याला आपल्या वडिलांना असं बोलता येतं हे पहिल्यांदाच कळत होतं.

पाहुण्यांपैकी एकीनं डबा पाहून भुवया उंचावल्या. "काय हो, चातुर्मासात कांदे?"

"व्हय, कांदंच हायती," सावित्रीबाई म्हणाल्या. "फुलाचं हायती. झोपल्यात. उठवू नका."

नोव्हेंबरच्या शेवटी डबा बाहेर आला. दोन गड्डे बुरसले होते. उरलेले पाच दौलतरावांनी पहाटेच्या गारव्यात कुंड्यांत लावले, अर्धी वाळू, अर्धी माती, गड्ड्याच्या तिप्पट खोल. प्रत्येक कुंडी मोठ्या कुंडीत ठेवली आणि मधल्या जागेत ओली वाळू भरली. वरून ओलं पोतं. पहिले चार दिवस ऊन नाही. मग सकाळचं अर्धा तास. मग तास. ते पोतं उचलायचे, घड्याळ बघायचे, पोतं टाकायचे. शेजारून जाणारे विचारायचे, "दौलतराव, आत काय कोंबडी बसवलीय का?"

पानं आली. जानेवारी संपत आला तरी नुसती पानंच. दौलतराव सकाळ-संध्याकाळ पानांच्या मधल्या घडीत बघायचे आणि आत जायचे. प्रदर्शनाचा अर्ज आला तेव्हा त्यांनी तो भरला नाही. सावित्रीबाईंनी रुपालीला भरायला लावला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, पाचांपैकी एका कुंडीत, पानांच्या मधून बोटाएवढा दांडा वर आला. टोकाला मिटलेलं बोंड, पापुद्र्यात गुंडाळलेलं. दौलतराव ओट्यावर बसूनच राहिले. सावित्रीबाई चहा घेऊन आल्या आणि त्यांनी पाहिलं.

"डेंगळा आला," दौलतराव म्हणाले. 

दांडा रोज वाढायचा. वीत, मग हात, मग कमरेएवढा. बोंड मात्र मिटलेलंच. ऊन तापू लागलं तसं दुपारी ते छत्री धरून बसायचे. पानांची टोकं पिवळी पडली तेव्हा त्यांनी रुपालीला हाक मारली; तिनं वाचून सांगितलं, "तसंच असतं बाबा, फूल येताना पानं सुकतात." प्रदर्शनाचा शुक्रवार उजाडला. बोंड मिटलेलं.

"राहू दे," दौलतराव म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

"रिक्षा आलीया," सावित्रीबाई म्हणाल्या.

नोंदणीच्या टेबलावर विक्कीच होता. त्यानं त्यांना ओळखलं, उठून कुंडीला हात लावला. "काका, या. गेल्या वर्षी बक्षीस मिळालं होतं ना? अरे, पण यंदा हा डेंगळा आलाय की. आमच्या रानात असले दिसले की उपटून टाकत्यात. भाजीतसुद्धा बक्षीस नाही मिळायचं याला."

तो वाईट बोलत नव्हता. तो खरं तेच सांगत होता, कांद्याच्या शेतातलं खरं. दौलतरावांना ते खरं माहीत होतं. त्यांनी स्वतः शेकड्यांनी उपटले होते. मागे रांग होती. सोबत आलेल्या सावित्रीबाई त्यांच्याकडे बघत होत्या. एरवी त्या बोलल्या असत्या.

"तुमच्या रानातला तुम्ही उपटा," दौलतराव म्हणाले. "हा मी फुलासाठी आणलाय. हा फुलांच्या टेबलावर बसेल."

"पण काका, फूल कुठाय?"

"आत आहे."

रांगेतलं कुणीतरी हसलं. दौलतरावांनी कुंडीवरचा हात काढला नाही. दुसऱ्या हातानं त्यांनी पिशवीतली वही काढून टेबलावर ठेवली. आवाज ऐकून मंडळाच्या जयमालाबाई आल्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई, बोलणं मोजकं. त्यांनी आधी बोंड पाहिलं, मग वही उघडली. पानं उलटत गेल्या. तीन महिन्यांचे अंश, सकाळचे, संध्याकाळचे. दार उघडल्याच्या रेघा. कुठल्या दिवशी किती मिनिटं ऊन.

"हे पुण्याच्या हवेत?" त्यांनी विचारलं. "घरच्या फ्रिजवर?"

"हिच्या फ्रिजवर," दौलतराव म्हणाले.

"फूल उमललेलं नाही, तेव्हा परीक्षणात धरता येणार नाही. नियम आहे."

"नका धरू."

"कंदवर्गाच्या टेबलावर ठेवा. विक्की, लिलीच्या शेजारी जागा कर."

विक्कीनं दोन कुंड्या सरकवल्या. दौलतरावांनी आपली कुंडी स्वतः उचलून ठेवली, दांडा सरळ आहे ना ते चार पावलं मागे जाऊन पाहिलं, पुन्हा येऊन जराशी फिरवली. परीक्षक आले, लिलीला पहिलं बक्षीस देऊन पुढे गेले.

शनिवारी सकाळी पापुद्रा फाटला. आत पोपटी-जांभळ्या कळ्यांची गच्च मूठ होती. संध्याकाळपर्यंत खालच्या कडेच्या आठ-दहा कळ्या उघडल्या, बारीक जांभळ्या चांदण्या. रविवारी दुपारपर्यंत गोळ्याचा खालचा अर्धा भाग जांभळा झाला होता आणि वरचा अर्धा अजून मिटलेला होता, डोक्यावर टोपी घातल्यासारखा. पहिल्या बक्षिसाची लिली शेजारी होती, पण लोक तिच्यावरून हात पुढे करून फोटो काढत होते डेंगळ्याचे.

मालोजी आले. त्यांनी फुलाभोवती एक फेरी मारली, वाकून पाहिलं, नखानं दांडा हळूच टोचला. "प्लास्टिक न्हाई," त्यांनी गर्दीला जाहीर केलं. "मी खात्री केलीया. माझ्या शेजारच्या भट्टीवर होता हा माणूस, चौतीस वर्षं!"

विक्की आपल्या वडिलांना घेऊन आला. धोतर, टोपी, हातात पिशवी. विक्की काही सांगणार त्याआधी म्हातारे वाकले, पानाचा तुकडा चुरगळून हुंगला आणि म्हणाले, "डेंगळाच हाय."

"आहे," दौलतराव म्हणाले.

"साठ वर्षं उपटतोय मी हे." म्हाताऱ्यांनी गोळ्याकडे खालून वर पाहिलं. "एक बी ठिवून बघितला न्हाई." मग त्यांनी दौलतरावांना नमस्कार केला, वयानं मोठे असून. दौलतराव गडबडून त्यांच्या पाया पडायला वाकले आणि दोघांची डोकी आपटता आपटता राहिली.

संध्याकाळी सिद्धेश रविवारची जादा पाळी करून चाकणहून थेट आला, कंपनीच्या गणवेशात, गळ्यात ओळखपत्र. गर्दीतल्या एका बाईंनी त्याला विचारलं, "हे कुठल्या नर्सरीतून आणलंय, माहीत आहे का?"

"आणलं नाही," तो म्हणाला. "बाबांनी केलंय. ते काय, ते उभे आहेत." त्यानं एवढ्या मोठ्यानं सांगितलं की दोन टेबलांपलीकडच्या लोकांनीही वळून पाहिलं. दौलतरावांनी मान खाली घातली, पण ते जागेवरून हलले नाहीत.

हॉल बंद करायच्या वेळी जयमालाबाई आल्या. "सोमवारी आणखी एक दिवस ठेवाल का? कॉलेजच्या मुली बघायला येतील. पूर्ण उमलायचं आहे अजून."

एरवी दौलतरावांनी बाईमाणसाला, त्यातून शिकलेल्या बाईला, नाही म्हटलं नसतं. "नाही," ते म्हणाले. "इथं उजेड नाही. त्याला सकाळचं कोवळं ऊन हवं. मंगळवारी पूर्ण उमलेल. तुम्ही सगळे घरी या. संत तुकाराम नगरात, कुणालाही विचारा..." ते थांबले. कुणाला विचारायचं ते त्यांना सुचेना. त्या नगरात त्यांना नावानं ओळखणारी माणसं फार नव्हती.

"दारात जांभळा गोळा दिसंल, त्येच घर," सावित्रीबाई म्हणाल्या.

मंगळवारी अकरा माणसं आली. जयमालाबाई आल्या, चार विद्यार्थिनी आल्या, विक्की आला, आणि दौलतरावांनी कधी पाहिलेली नव्हती अशीही काही माणसं आली. सावित्रीबाईंनी दोनदा चहा टाकला. गोळा पूर्ण भरला होता, एकही कळी मिटलेली नव्हती, आणि त्यावर दोन मधमाश्या फिरत होत्या. दौलतराव हात मागे बांधून कुंडीशेजारी उभे राहिले. कुणी विचारलं तर दोन शब्दांत सांगायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पण एका मुलीनं विचारलं, आणि ते बोलू लागले : किती अंश, किती आठवडे, घाई कुठं करायची नाही. माणसं भोवती गोळा होत गेली तरी ते थांबले नाहीत. पाऊण तास बोलले. सगळ्यांना जवळून बघू दिलं. हात मात्र कुणाला लावू दिला नाही, जयमालाबाईंनासुद्धा.